तरी बी

लातूरच्या मार्केट यार्डात, काट्याच्या केबिनमध्ये
रात्री साडेदहाला जुनी फाइल उघडली
तर प्रत्येक ओळीच्या टोकाला
टोपी घातलेला एक एम,
कुसळासारखा चिकटून.

जुनं मशीन डॉसचं, नवं लिनक्सचं.
ओळ कुठं संपते, यावर दोघांचं जमत नाही.

हे मला उदगीरच्या टायपिंग क्लासपासून माहीत होतं.
वाजिद सर मागे उभे: घंटी वाजली, दांडी ओढा.
दांडी एक, कामं दोन.
गाडा मूळ जागी, कागद एक घर वर.
डॉसनं दोन्ही जपली, तेरा आणि दहा.
लिनक्सचं दहावर भागतं.
तेरा त्याला वाटतो
जेवण झालं तरी न उठणारा पाहुणा.

मी तेरा झाडून काढले.
सगळ्या फोल्डरवरून एकच केरसुणी.
आडत्यांची नावं, गावं, हमालीचे दर,
लख्ख.
आणि त्याच हातानं वजनांची फाइल.

सकाळी हणमंत बिडवेनं मागच्या हंगामाच्या नोंदी काढल्या.
सोयाबीनचा ट्रॅक्टर, एक्कावन्न टन.
त्याखाली नंबराच्या जागी नुसते चौकोन.
'मॅडम, काट्याला चढली का काय?'

एकेक बाइट मागं जात गेले
तेव्हा एक टेम्पो सापडला.
औशाहून आलेला, शब्बीर पठाणचा, तूर,
दोन हजार पाचशे त्र्याहत्तर किलो.
म्हणजे दोनशे छप्पन्नचे दहा हप्ते, वर तेरा.
मशीनच्या पोटात दोन घरं:
पहिल्यात तेरा, दुसऱ्यात दहा.

केरसुणीला वाटलं, ओळ संपली.
ओळ नव्हती ती. तूर होती.

तेरा गेला आणि मागचे सगळे
एकेक घर पुढं सरकले,
प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याचं रेशनकार्ड.

प्रोग्राम शहाण्णव सालचा, रेवणसिद्ध हालगे यांचा.
त्यांच्या फ्लॉपीच्या डब्यात एक चिठ्ठी होती:
'बी विसरू नये.'
मी समजले, पेरणीची यादी असेल.
शेजारीच बियाण्याचं दुकान.

फोन लावला. रेणापूरला असतात, ऐकू कमी येतं.
'फाइल उघडताना आर लिहिता ना?
त्याला चिकटून बी. बायनरीचा.
मग मशीन आत डोकावत नाही,
तेरा असला तर तेरा देतं,
सव्वीस दिसला म्हणून फाइल संपली म्हणत नाही.'
'पण सर, लिनक्सवर बी लागत नाही.'
'मला बी ठाऊक आहे.
त्या जमिनीत ते उगवत नाही.
तरी बी टाका.
उद्या कुणी हे उचलून तिसऱ्याच मशीनवर नेईल.
त्याला कसं कळावं,
कोणतं वाचायचं
आणि कोणतं नुसतं पोचवायचं?'

माझी चूक उघडण्यातली नव्हती, झाडण्यातली होती.
हे त्यांना सांगितलं नाही.

एका फ्लॉपीला बुरशी होती, दुसरी चालली.
शब्बीरच्या टेम्पोत तूर परत आली.
जिथं जिथं वजन आहे
तिथं दारात एकेक बी टाकून ठेवलं.

मग हणमंतनं पावती छापली.
गाव एका टोकाला, त्याखाली
आणखी उजवीकडं माल,
आणखी उजवीकडं वजन,
आणि रक्कम कागदाबाहेर.
जिना उतरावा तशी पावती.

प्रिंटर जुनाच होता.
त्याला अजून दांडी ओढावी लागते.
त्याच्यापुरता
तेरा परत बोलावला.