वीस मिनिटं

सापसंदीची मुळी मला दाखवली लाडकी दुमाडानं,
येऊरच्या पाड्यामागं, कुंपणापासून दोन हाकांवर.
आधी तिनं वेलीपाशी मूठभर तांदूळ ठेवले,
मग म्हणाली, एवढीच घे. बोटाएवढी.
बाकीची उद्याची आहे.

मी कागदावर वेल चिकटवली.
नाव, कूळ, तारीख, गोळा करणार : मी.
सांगणार कोण,
याला त्या कागदावर रकाना नव्हता.

चार महिने तिचा अर्क आणि घोणशीचं विष
सदतीस अंशांच्या पाण्यात शेजारी बसवले.
एका सोमवारी मुळीनं विष अडवल्यासारखं वाटलं.
गुरुवारी नाही.
सर म्हणाले, पुन्हा कर.

मग एका रात्री फोन. नातवाला, सरपणाच्या ढिगात.
मला वाटलं विचारेल, तुझी काच काय म्हणाली?
तिनं विचारलं, सिव्हिलचं दार कुठल्या अंगाला?
मुळी उगाळायला ती थांबलीच नव्हती.
एअरफोर्सच्या गेटवरून, उपवनच्या वळणावरून
मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये पोर,
पाय लोंबता, न बांधलेला.

सिस्टरनं कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेतलं,
उभं ठेवलं, घड्याळ पाहिलं.
मी कडुलिंब चावायला देते, लाडकी म्हणाली,
कडू लागला नाही तर विष चढलंय. हे तसंच का?
तसंच, म्हटलं. जिभेऐवजी काच.
वीस मिनिटं आम्ही दोघी बसलो,
चुलीवरच्या दुधासमोर बसावं तशा.

नळी तिरकी केली. पाण्यासारखं वाहिलं.

मग बाटल्या. एकामागून एक, दहा.
हे घोड्याच्या रक्तातून काढतात, मी सांगितलं,
काहीतरी बोलायचं म्हणून.
घोडा काय खातो?
गवत.
मग झाडपालाच की, ती म्हणाली,
आणि त्या रात्रीत एकदाच हसली.

पहाटे पुन्हा नळी. पुन्हा वीस मिनिटं.
तिरकी केली.
हललं नाही.
काळ्या खरवसासारखं बसून राहिलं.

पदराच्या गाठीत मुळी होतीच.
सूज उतरवते, एवढं मला ठाऊक, म्हणाली,
रगताचं तू बघ.
नसेल तर नाही म्हणून लिही,
पण लिही.

मी हात पुढं केला.
तिनं गाठ अर्धीच सोडली.
तांदूळ आणलेस?