मिस

कन्ना चौकात झेरॉक्सच्या दुकानावर माझा क्लास.
संध्याकाळी सात ते साडेआठ, पत्रा अजून तापलेला,
खडू धरला की बोटांना घाम.
अंबादास गड्डम शेवटच्या बाकावर.
वय चोपन्न, टॉवेलच्या कारखान्यात जॉबर,
मिशीवर कापसाची लव.
मला 'मिस' म्हणतात, पोरं म्हणतात म्हणून.

क्लास सुटल्यावर मोबाइल पुढे केला.
मस्कतहून पोरीचा मेसेज.
मिस यू, नि पुढे नाना.
"मिस म्हणजे चुकणं ना?
बस मिस झाली, कॅच मिस झाला.
मग हिचं काय चुकलं?
की माझं काय चुकलं म्हणते?"

मी सुरू झाले. शिकवायची खोड.
म्हटलं, शब्द जुना, थंड देशातला,
आधी नेमाचा होता:
बाण सुटला, लागला नाही.
मग दाराशी पोचलो नि माणूस निघून गेलेलं, तेही मिस.
खिशात हात घातला नि किल्ली नाही, तेही.
मग कितीतरी वर्षांनी कुणीतरी
जेवताना एक ताट कमी वाढलं
आणि तोच शब्द उचलला,
चुकलेला बाण फिरून
मारणाऱ्यालाच लागावा तसा.
आपल्या मिथ्याशीही पंडित त्याचं लांबचं नातं लावतात.
(मला म्हणता तो मिस निराळा हं,
त्याचा ह्याच्याशी सोयरसुतक नाही.)

गड्डम ऐकत होते की पंख्याकडे बघत होते,
कळलं नाही.

मग व्याकरण. इंग्रजीत मी कर्ता:
मी मिस करते, जशी मी भांडी घासते.
मराठीत मी नुसती बसलेली असते, आठवण येते,
तिच्या पायांनी, तिच्या वेळेला, चप्पल न काढता.
"तेलुगूत?"
बराच वेळ गप्प.
खाली रिक्षावाला कुणाला तरी "का बे" म्हणाला.
"गुर्तोस्तुन्नव," म्हणाले.
"म्हणजे आठवण नाही येत, मिस.
तूच येतेस."

मी खडू खाली ठेवला.

"मिस कॉल पण त्यातलाच ना?
कारखान्यात पोचलो की बायकोला देतो. एक रिंग.
अजून एकदा पण चुकला नाही.
चुकला तर ती चालत येईल अक्कलकोट रोडला."

आणि मग, जिना उतरता उतरता, परत वर आले:
"आमच्यात पण मिस असतंय की!
धोट्यातली कांडी संपते, माग थांबत नाही,
धोटा रिकामाच जातो येतो,
आवाज तोच, खटक खटक,
कानाला काही फरक नाही.
कापड पुढं सरकतं आणि आत धागाच नाही.
तुमचा बाण, मिस, आमचा बाणा.
माग बंद केला की दिसतं. आडवी रेघ.
बोट फिरवलं की कळतं, इथं होतं काहीतरी.
तेच म्हणते का ती?"

मी हो म्हटलं.
माझ्या कोशात हा अर्थ नाही,
तरी हो म्हटलं.
उत्तर काय टाकायचं तेही सांगितलं,
शेवटी टू, त्यात दोन ओ.
त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी हसतच आले.
कारखान्यातला एक बाद टॉवेल, मोरपंखी,
रेघेवर बोट ठेवून फोटो काढला होता,
पाठवला होता मस्कतला.
शब्द एकही नाही.
रात्री दीड वाजता तिचं आलं:
नाना, टॉवेल फाटला का? पैसे पाठवू?

"मिस झालं, मिस,"
म्हणाले,
आणि वहीत दोन ओ गिरवायला बसले.