आणीबाणीचा माणूस

उद्यमनगरात, आमच्या फाउंड्रीच्या ऑफिसात
जीएसटीचा पासवर्ड कॅलेंडरमागं खडूनं लिहिलेला :
मालकांच्या म्हशीचं नाव, पुढं एक दोन तीन.
म्हैस मेली, पासवर्ड राहिला.

परवा इरगोंडा शिरोलीच्या कारखान्यात लागला.
जाताना त्यानं टेबल पुसलं, किल्ल्या मोजून दिल्या,
आणि डोक्यातलं काही परत देता येईना
म्हणून नुसता हसला.

मग बसलो आम्ही, मी, शकील आणि मालक,
मध्ये भडंगाची पुडी.
एकाला माणशी दरमहा पैसे.
एक फुकट, पण सगळं इंग्रजीत.
एक नुसती लिंक पाठवतं, एकदा उघडली की जळून जाते.
"ह्ये आपल्या भट्टीगत," मालक म्हणाले,
आणि तरी नको म्हणाले.
शकील चौथं दाखवत होता : किल्ली दिसत नाही, दार उघडतं,
माणूस गेला की त्याचं नाव तेवढं पुसायचं.

"आणि मीच गेलो तर?"

त्यालाही रकाना होता.
आणीबाणीचा माणूस. कुणा एकाचं नाव द्या.
त्यानं मागितलं की तीस दिवस वाट बघून
सगळं त्याच्या हाती.

मी त्यांच्या मुलीचं नाव टाइप करायला घेतलं.
मालक खिडकीतून बघत होते
भिंतीपलीकडच्या शेडकडं.
ती भिंत अकरा वर्षांमागं कोर्टानं घातलेली.
तिकडंही ओतकाम चालू होतं, तसाच वास.

"थांब पोरी.
धनपालचा ईमेल कुणाकडं हाय का?"

मला पाठ होता.
तरी मी वही उघडली.