घरात बसून बघण्यासारखा

ऐरोलीत सेक्टर चारच्या मार्केटात, पिठाच्या गिरणीला लागून
पुजारीचं कॅसेटचं दुकान होतं.
कॅसेटींवरही ज्वारीची पांढुरकी पूड.
आई काउंटरवरच विचारायची, त्यात कुणी मरत नाही ना?
पुजारी म्हणायचा, मरतं, पण सावकाश.
घरात बसून बघण्यासारखा आहे वहिनी, बिनधास्त न्या.

सिडकोच्या त्या एका खोलीत
आम्ही चौघं आणि शेजारच्या ठाकुरांची तिघं,
भाड्याचा व्हीसीआर स्टुलावर,
आणि बाबा सगळ्यांच्या मागे, दाराला टेकून.
रबाळ्याच्या रंगाच्या कंपनीतून आलेले,
नखांत त्या दिवशीचा जो असेल तो रंग.

पडद्यावर कुणाचा गळा दाटून आला
की बाबा उठायचे.
"रेग्युलेटर बंद आहे का बघून येतो."
बंदच असायचा.
त्यांना परत यायला वेळ लागायचा, इतकंच.
शेवटाकडच्या चिठ्ठ्या, फलाटावरचे निरोप,
बापानं लेकीच्या मुठीत कोंबलेली चौघडी नोट,
असलं कितीतरी बाबांनी पाहिलेलंच नाही.
दुसऱ्या दिवशी जेवताना निलू सांगायची
आणि ते ताटात बघत म्हणायचे, असं होय.

आता निलू हॅलिफॅक्सला.
रविवारी आमची रात्र, तिची दुपार.
फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवतो
आणि आई मोजते, तीन, दोन, एक, हं!
तरी कुठेतरी चुकतंच.
निलू दोन सेकंद पुढे असते.
तिचं हसू आधी येतं, विनोद मागाहून.
तिनं नाक ओढलं की आम्हाला कळतं
आता काहीतरी होणार,
आई पदर हातात घेऊन तयार राहते.

काल सिनेमात एक म्हातारा होता.
मुलीला तिच्या नव्या खोलीवर सोडायला आलेला,
बॅगा आत ठेवूनही उंबऱ्यावरून हलत नव्हता.
फोनमधून निलूचा आवाज येईनासा झाला.
बाबा खुर्चीचे हात धरून उठले.
"रेग्युलेटर..."

सिलिंडर जाऊन आठ वर्षं झाली.
पाइपचा गॅस आहे. बिल तेच भरतात.

कुणी काही बोललं नाही.
निलू म्हणाली, थांबवा जरा. मीपण थांबवते.

मग तिकडचा म्हातारा आणि इकडचा
दोन सेकंदांच्या अंतरानं थांबून राहिले.
तिच्याकडे त्याचा हात उचललेला,
आमच्याकडे अजून खिशातच.
आत नळ सुरू झाला, बंद झाला, पुन्हा सुरू झाला.
आई घसरलेला फोन सरळ करत म्हणाली,
तुमच्याकडचा बर्फ वितळला का गं?
अजून नाही, निलू म्हणाली.

बाबा आले. कपाळावरचे केस ओले.
"बंद होता," म्हणाले,
आणि खुर्ची ओढून थेट तांब्यासमोर बसले.
"निले, पुढं काय होतं ते सांगून टाक."
"मला कुठं माहीत, बाबा," ती म्हणाली,
"दोनच सेकंद तर पुढे आहे मी."

आई मोजायला लागली.