एक नंबरचं बटण

शारजाच्या बाजारात, मगरिबनंतर,
तीन वर्षं वापरलेली लेक्सस.
नवीचा हप्ता माझ्या डायरीत आहे,
घरभाड्याच्या खाली, पेन्सिलीनं.

गफूर बॉनेट उघडतो. "एकच मालकीण, साहेब."
मी टायरवरचं साल वाचतो,
मॅटखाली बोटं घालतो: वाळू.
वाळू इथं नव्या गाडीतही निघते.

हेमांगी काहीच विचारत नाही.
चौथ्या खेपेला लायसन मिळालेली ती
स्टिअरिंगमागे बसते, दारावरचं
एक नंबरचं बटण दाबते.

सीट पुढे सरकते,
जराशी वर येते, थांबते.
पाय ब्रेकला पुरतात.
आरसेही तिच्याकडे वळतात.

"कोण होती ती बाई?" मी गफूरला.
"माझ्याएवढी," हेमांगी म्हणते
आणि पट्टा लावते.

घासाघीस करून उतरवलेले दोन हजार
गफूर हळूच परत चढवतो.