पाणीखात्यातली ओतिल्या

वूच शहराच्या पाणीखात्यात
खड्डे खणणारे आम्ही अकराजण
आणि ती एक, इतिहासाची पदवीधर.
पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं,
"बाई, राजांच्या सनावळ्यांनी गळती थांबते का?"
ती हसली नाही. गमबूट मागितले, सदतीस नंबरचे.

तिच्या वर्गातला एक म्हणे विमा विकतो,
एक कोर्टात जुनी खरेदीखतं वाचून देतो,
एकीचं काही कळत नाही.
बाप अजून विचारतो, मास्तरीण कधी होणार.

फेब्रुवारीत लाकडी गेटाजवळच्या एका तळघरात पाणी चढलं.
आम्ही तीनदा नळ बदलला. तीनदा ते परत आलं.
ओतिल्या चार दिवस दप्तराच्या कपाटांत होती.
बाहेर आली ती धुळीनं शिंकत,
हातात रशियन अक्षरांतला नकाशा,
त्यावर जर्मन शाईची दुरुस्ती,
आणि समासात कुणा शेजारणीची तक्रार:
रंगाच्या कारखान्यामुळं नदी काल तांबडी, आज निळी.

"नळ फुटलेलाच नाही," ती म्हणाली.
"ही नदी आहे. झाकली, आणि विसरलो."

तिनं बोट ठेवलं तिथं खणलं.
दोन पुरुष खोल विटांची कमान लागली,
आणि आत
कुणीतरी झोपेत बोलावं तसं पाणी.
टोपी काढावी की काय, कळेना.

ती चिखलात गुडघे टेकून
वहीत तारीख लिहीत होती.
मग माझं नाव विचारलं, आडनावासकट.
"माझं कशाला?"
"पुढं कुणी खणायला येईल,
त्याला लागेल."