तेवीसच्या खाली

मकरपुरा, दुपारचे दोन. बाहेर त्रेचाळीस,
आत कपाभोवती बर्फ.
पितळेचा कप खुणेपर्यंत भरून झाकण लावते.
आत जे आहे ते पाण्यासारखं दिसतं.
पाण्यासारखं दिसणाऱ्यांपासून जपा, गुप्ते सर म्हणायचे
आणि चहा मात्र याच ओट्यावर प्यायचे.

अर्ध्या अर्ध्या अंशानं वर.
दर वेळी झडप सरकते,
ज्वारीच्या दाण्याएवढी ज्योत
आत डोकावून परत येते.
सतरा. काही नाही.
साडेसतरा.
अठरा, काही नाही.
साडेअठराला कपाच्या तोंडावर
निळसर काहीतरी फिरलं आणि विझलं.
आवाजही नाही.
पापणी लवली असती तर हुकलं असतं.
न लवण्याचाच पगार घेते मी.

कंपनीच्या कागदावर पंचवीस आहे.
तेवीसच्या वर गट तिसरा, खाली दुसरा,
आणि दुसऱ्याची पिंपं महाग.
नंदेसरीहून फोन: हेमांगीबेन,
पाच-सहा अंशांचं काय एवढं?
कप धुते, पुसते, पुन्हा भरते.
साडेअठरा.
तिसऱ्यांदा एकोणीस.

यानं अजून काही केलेलं नाही,
कुणाचं बोटसुद्धा पोळलेलं नाही.
पण इथे गुन्हा होऊन चालत नाही,
शिक्का त्याच्या आधी मारायचा असतो.
रजिस्टरमध्ये याला नाव सापडत नाही, मग
नाव नसलेल्यांच्या ओळीत बसवते:
ज्वलनशील द्रव, अन्यत्र न नोंदलेला.
आमच्याकडे बरेच जण याच ओळीत असतात.

ट्रकच्या सावलीत तोंडावर रुमाल घेऊन
जशवंत राठवा झोपलाय, छोटा उदेपूरचा.
रात्री हालोल, दाहोद, पुढे इंदूर.
त्याला उठवून लेबलं देते,
लाल, चौकोन कोनावर उभा केलेला.
तो आकडा वाचत नाही.
अंगठा ओला करून कडा घासून बघतो,
मागच्या खेपेला दाहोदच्या आधीच उडालं होतं, म्हणतो,
पिंपं नुसती पिंपं दिसत होती.

मग विचारतो, बेन, केटलामां?
साडेअठरा, मी सांगते.
तो वर उन्हाकडे बघतो, पिंपांकडे बघतो,
कानामागची विडी काढून
वॉचमनच्या हातात ठेवतो.

आत फोन पुन्हा वाजतोय.
वाजू दे. कप धुवायचाय,
आणि हात ओले आहेत.